जुन्या लॅपटॉपवर गेम खेळायचेत: पैसे रॅमवर घालावेत की एसएसडीवर?

दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, 4 जीबी रॅमची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि खर्च करायला एकाच गोष्टीपुरते पैसे. रोजच्या कामासाठी लॅपटॉप चपळ हवा असेल तर डोळे झाकून एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या. गेमसाठी मात्र मी आधी रॅम घेईन.

इंटेल एचडी 4400 सारख्या, प्रोसेसरमध्येच असणाऱ्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा उचलतं. त्याच 4 जीबीत विंडोज, गेम आणि पडद्यावरचं चित्र, सगळे दाटीवाटीने बसतात. शिवाय डीडीआर3-1600 या जुन्या प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 12.8 जीबी डेटा जातो. तशीच दुसरी बसवली की ती मर्यादा 25.6 जीबी होते. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स (चित्रं), काही दुप्पट होत नाहीत, पण फरक डोळ्यांना दिसतो. विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट आहे का ते बघाच. आणि जुन्या पट्टीवर डीडीआर3एल (कमी व्होल्टेजची डीडीआर3) लिहिलं असेल तर तीच मागा. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर3 बहुधा चालत नाही.

एसएसडीने गेम पटकन उघडतो, पुढची लेव्हल लवकर लोड होते. मारामारी सुरू झाल्यावर फ्रेम्स तेवढ्याच. सॅन अँड्रियाससारखा गेम शहराचे तुकडे खेळता खेळता डिस्कवरून उचलतो, तिथे मधले झटके कमी होऊ शकतात.

दोन्हीच्या आधी एक फुकटचा उपाय: रिझोल्यूशन 1366×768 वरून 960×540 वर आणा. पिक्सेल जवळपास निम्मे होतात. चित्र थोडं धूसर दिसतं, पण हात आणि पडदा यांचा मेळ बसतो, आणि खेळताना मला तोच महत्त्वाचा वाटतो.

क्लाउड गेमिंगला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळायला, 1080पी चित्रासाठी साधारण 25 एमबीपीएस वेग लागतो, म्हणजे तासाला 11 जीबीच्या आसपास डेटा. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत ते बसत नाही.

स्टारड्यू व्हॅलीला 2 जीबी रॅमही पुरते, तेव्हा तोच खेळायचा असेल तर काहीच घेऊ नका. काउंटर-स्ट्राइक 2 ला किमान 8 जीबी हवी, आणि तेवढी घातली तरी हे ग्राफिक्स धापा टाकेल. लॅपटॉपवर विंडोज 7 असेल तर 2024 पासून स्टीमचा (गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या ॲपचा) आधारही सुटलाय. दोन पट्ट्यांत 8 जीबी आधीच असेल, तर मात्र खुशाल एसएसडी घ्या.