जिप्सम पार्टिशनचा अनुभव: खरं काम सांध्यातच असतंय

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पोरीच्या अभ्यासासाठी हॉलमधनं एक खोली काढायची होती, दहावी आहे तिची. विटांची भिंत म्हटलं की स्लॅबवर वजन आणि घरात महिनाभर सिमेंट-वाळू, म्हणून जुलैत जिप्सम बोर्डचं (दोन्हीकडनं कागद लावलेल्या जिप्समच्या फळ्यांचं) पार्टिशन करून घेतलं. पावसाळा गेल्यावर भिंत कशी राहते ते बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

मनात भीती होतीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाकडनं बेडरूमचं सीलिंग केलेलं, त्यानं सांध्यावर जाळीची टेप चिकटवली, पुट्टीचा एकच हात मारला आणि दुसऱ्या दिवशी कलर, दिवाळीपर्यंत सगळ्या सांध्यांना केसासारख्या चिरा. म्हणून यावेळी सुट्टी काढून समोर बसलो.

उद्यमनगरकडचे मिस्त्री, जोडीला दोन पोरं. पहिल्या दिवशी बोर्डला हातच लावला नाही. लेझरनं लाईन मारून खाली-वर चॅनेल, मग दोन-दोन फुटांवर उभे स्टड (बोर्ड ज्यावर स्क्रूनं बसतात त्या उभ्या पट्ट्या), दरवाज्याच्या दोन्ही बाजूला आत लाकूड. वायरिंगचे पाईपही तेव्हाच टाकले. मला म्हणाले, "काका, पुस्तकांचं शेल्फ कुठं येणार ते आत्ताच सांगा, नुसत्या बोर्डात स्क्रू वजन धरत नाही," आणि तिथं आतनं प्लायची पट्टी मारली. हे मला सुचलंही नसतं.

बोर्ड साडेबारा एमएमचे, मधी आवाज कमी व्हायला रॉकवूल (दगडापासनं केलेली लोकर). एका बाजूचा सांधा ज्या स्टडवर, दुसऱ्या बाजूचा त्याच स्टडवर येऊ दिला नाही. बोर्ड फरशीवर टेकवला नाही, तीन सूत वर ठेवला, नाहीतर फरशी पुसताना पाणी ओढून घेतो आणि फुगतो म्हणे. स्क्रू एवढाच आत की डोकं कागदाच्या पातळीच्या जरासं खाली दबेल पण कागद फाटणार नाही. एक फाटला तर तो काढून बाजूला दुसरा मारला, कोणी सांगितलं नव्हतं.

पण खरा वेळ गेला फिनिशिंगला. बोर्डच्या लांब कडा मुद्दाम थोड्या पातळ असतात, त्या खोलगटीत कंपाउंड (सांधे भरायचा लगदा) भरून वर कागदाची टेप दाबून बसवली, आतली हवा पुट्टीच्या पात्यानं काढली, मग वाळू दिलं, मग दुसरा हात आणखी रुंद, तिसरा जवळजवळ फूटभर. बाहेर आपला कोल्हापूरचा पाऊस, हवेत नुसता ओलावा, त्यामुळं वाळायलाच सहा दिवस लागले. मीच घाई केली की पंखा लावून उरका, तर ते ठाम नाही म्हणाले, वरनं वाळतं, आत ओलं राहतं आणि नंतर बसतं. शेवटी रात्री भिंतीला लागून आडवा बल्ब धरून उंचवटे शोधले, तिथं पॉलिश पेपर मारला, मगच प्रायमर.

आज हात फिरवून बघितलं तरी सांधा सापडत नाही. पलीकडं टीव्ही मोठा लावला की आवाज येतो, अगदीच बंद होत नाही, पण पोरगी बसते अभ्यासाला.

दर मी विचारलेल्या बाकीच्या दोघांपेक्षा जास्त होता आणि घासताना धुरळा पार स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर गेला, दाराला प्लॅस्टिक त्यांनी स्वतःहून लावायला पाहिजे होतं, तुम्ही आधीच लावून घ्या. बेडरूमचं सीलिंगही आता त्यांनाच दिलंय, फक्त दहावीची परीक्षा संपल्यावर या म्हणून सांगितलंय.