प्रेअरी डॉगसाठी रायफल: कारखान्यातली तयार की बनवून घेतलेली?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा किंवा वायोमिंगच्या माळावर प्रेअरी डॉगवर (बिळात वस्ती करून राहणारा, खारीच्या कुळातला छोटा प्राणी) नेम धरायचा, तर लक्ष्य जेमतेम तीन-चार इंच रुंद असतं, अंतर 150 ते 350 यार्ड, आणि वस्ती मोठी असेल तर दिवसाला दोन-तीनशे गोळ्या सहज झडतात. हरणाच्या रायफलीतून वर्षाला पंधरा-वीस गोळ्या सुटतात. तिचं बॅरल मालकाच्या नातवापर्यंत पोचतं. इथे बॅरल म्हणजे गाडीचा टायर. तयार की कस्टम हा वाद लोक अचूकतेवरून घालतात, पण हिशोब झिजेपासून मांडायला हवा.

.223 रेमिंग्टन या काडतुसाचं बॅरल नीट वागवलं तर चार-पाच हजार गोळ्यांपर्यंत चांगला नेम देतं. .22-250 हे काडतूस तेवढ्याच व्यासाच्या भोकातून बरीच जास्त दारू जाळतं, त्यामुळे दोन हजारांच्या आसपास चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या खोलीपुढचा) घसा जळू लागतो. तापलेल्या बॅरलमधून मारत राहिलात तर त्याहूनही लवकर. म्हणून मुरलेले लोक दोन रायफली नेतात: एक निवते तोवर दुसरी चालते. एका कस्टमच्या पैशांत दोन तयार .223 आणि दोन बऱ्या दुर्बिणी येतात, हे आधी लक्षात घ्या.

आता अचूकता. तिकाची टी3एक्स व्हार्मिंट, सॅव्हेजची मॉडेल 12, हॉवा 1500 किंवा अगदी स्वस्तातली रुगर अमेरिकन प्रीडेटर घ्या. पसंत पडलेलं काडतूस सापडलं की जड बॅरलची तयार रायफल एक एमओएच्या (मिनिट ऑफ अँगल, अचूकता मोजायचं कोनाचं माप) आत मारते. एक एमओए म्हणजे 300 यार्डांवर साधारण 3.1 इंचांचा घोळका, म्हणजे सगळ्या गोळ्या तेवढ्या जागेत. चांगली कस्टम रायफल त्याच्या निम्म्यावर येते. फरक खरा आहे, पण माळावर वारा असतो. ताशी 10 मैलांचा आडवा वारा .223 ची 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी 300 यार्डांवर आठ ते दहा इंच बाजूला नेतो. वाऱ्याचा अंदाज तीन मैलांनी चुकला की रायफलीतला अर्धा एमओए कुठल्या कुठे जातो. (आणि तीन गोळ्यांच्या घोळक्यावरून रायफलीची पारख करू नका. दहा मारा, मग बोला.)

कस्टमचा खरा फायदा दुसरीकडे आहे: पीळ (बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचं वळण) आणि घसा तुम्ही ठरवता. .22-250 च्या बऱ्याच तयार बॅरलचा पीळ 1:14 असतो, म्हणजे 14 इंचांत एक फेरा. त्यात 40 ते 55 ग्रेनच्या आखूड गोळ्या छान जातात, 75 ग्रेनची लांब गोळी मात्र स्थिरच होत नाही. 1:8 चं बॅरल बसवलं की ती चालते आणि 400 यार्डांवर वाऱ्याने ढळणं साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. शिसेविरहित गोळ्यांचंही तेच. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जास्त पीळ मागते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तिथे राहणाऱ्यांनी पीळ आधी बघावा.

पीळ वाढवणं फुकटात मात्र पडत नाही. सेकंदाला 3,600 फुटांनी निघालेली गोळी 1:14 मधून मिनिटाला सुमारे 1,85,000 फेरे घेते, 1:8 मधून 3,24,000. पातळ कवचाच्या व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) गोळ्या इतक्या फिरवल्या की वाटेतच फुटू शकतात. निशाणावर भोक नसतं, हवेत करडा धूर दिसतो. दोन्ही प्रकारच्या गोळ्या हव्या असतील तर .223 मध्ये 1:8 किंवा 1:9 बरा. तिथे वेग कमी असल्याने हा त्रास सहसा होत नाही, आणि हा पीळ तयार रायफलीतच मिळतो.

खर्च. तयार रायफल साधारण 600 ते 1,500 डॉलर. कस्टममध्ये अ‍ॅक्शन (बोल्ट आणि तो बसतो तो मधला सांगाडा) हजार-दीड हजार, क्रीगर किंवा बार्टलाइनसारखं कोरं बॅरल चारशेच्या आसपास, चेंबर कापण्याची मजुरी, दस्ता आणि ट्रिगर वेगळे. साडेतीन हजाराच्या खाली क्वचितच भागतं. शिवाय काही महिने थांबणं. विकायला गेलात तर निम्मे पैसे आले तरी नशीब.

तयार रायफलीत काय बिघडतं? बहुधा दस्ता. प्लास्टिकचा पुढचा भाग बायपॉडवर (रायफल टेकवायच्या दोन पायांवर) वजन दिलं की वाकतो आणि बॅरलला टेकतो. मग गोळ्या एका बाजूला सरकू लागतात आणि दोष दुर्बिणीवर जातो. बॅरल आणि दस्त्यामधून कागद सरकवून बघा, बायपॉडवर दाब देऊनही. दुसरा दोष लांब घसा: आखूड गोळी रायफलिंगपासून (त्या पिळाच्या खाचांपासून) फार दूर राहते, आणि मॅगझिनची लांबी तिला पुढे बसवू देत नाही. तिसरा, खडबडीत भोक, ज्यात तांब्याचा थर पटकन साचतो. ट्रिगर जड असेल तर तो बदलणं सोपं. सॅव्हेजचा अ‍ॅक्युट्रिगर तर मालकालाच हलका करता येतो.

कस्टमचे दोष मात्र मालकानेच मागून घेतलेले असतात. स्पर्धेसारखं घट्ट मानेचं (मान म्हणजे टरफलाचा गोळी धरणारा अरुंद भाग) चेंबर मागितलं की प्रत्येक टरफलाची मान तासावी लागते, दुकानातलं काडतूस बसत नाही किंवा धोकादायक दाब देतं. तीनशे काडतुसं भरताना ही हौस फिटते. बोल्टची (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या दट्ट्याची) फट फार कमी असेल तर माळावरची बारीक धूळ त्याला दुपारपर्यंत अडवते.

बहुतेकांनी मधली वाट धरावी. रेमिंग्टन 700 किंवा सॅव्हेज घ्यायची, तिचं बॅरल मनसोक्त जाळायचं, आणि तोवर आपल्याला कोणतं अंतर आणि कोणती गोळी रुचते ते कळलं की चांगलं बॅरल चढवायचं. 700 ही 1962 पासून बाजारात असल्याने तिच्यासाठी ट्रिगर, दस्ते सगळं मिळतं. सॅव्हेजचं बॅरल नटाने आवळलेलं असतं, म्हणून आधीच चेंबर कापलेलं बॅरल गो आणि नो-गो गेज (चेंबरची खोली तपासायची मापं) लावून बसवता येतं. पहिल्यांदा गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) तपासून घ्या. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) चुकला तर टरफल फाटतं.

400 यार्डांच्या पुढे नियमित मारणारा, स्वतः काडतुसं भरणारा आणि निदान एक बॅरल झिजवलेला माणूस असेल, तर त्याने थेट कस्टमकडे जावं.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी: एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणं संघीय कायद्याने मना आहे; कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. कस्टम बांधणीतही अ‍ॅक्शन हीच कायद्याने बंदूक, नवी घेतली तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच येते. आणि युटा प्रेअरी डॉग ही जात संरक्षित आहे. जिची शिकार चालते त्या काळ्या शेपटीच्या जातीशी गल्लत नको.

गनस्मिथला ऑर्डर देताना गोळीचं वजन, पीळ, घशाची लांबी, मानेचा व्यास आणि बॅरलची जाडी कागदावर लिहून द्या. सोबत तुमच्या आवडत्या गोळीचं दारू न भरलेलं नकली काडतूस पाठवा, म्हणजे तो घसा त्यावर बेतून कापेल.