चिपळूणमधील एक खासगी रोजगार सेवा : शिकवणी चांगली, माहिती अपुरी

पदवी, एमएससीआयटी आणि टॅली एवढ्या तयारीवर कार्यालयीन काम शोधणाऱ्या माझ्या भाचीने चिपळूणमधील एका खासगी रोजगार सेवेत नाव नोंदवले. तिच्यासोबत तेथे वरचेवर जाणे झाल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

मुलाखतीची तयारी ही या सेवेची खरी जमेची बाजू आहे. गुहागरच्या हॉटेलातील खोली पावसामुळे रद्द करू पाहणारा चिडलेला ग्राहक स्वतः शिकवणाऱ्या बाईच झाल्या आणि भाचीला फोनवर बसवले. पैसे परत मिळण्याच्या नियमाकडे वळण्याआधी ग्राहकाचे म्हणणे पूर्ण ऐकायचे, नाव व तारखा पडताळायच्या आणि जे आपल्या अधिकारात नाही त्याचे आश्वासन द्यायचे नाही, हे त्यांनी ज्या चिकाटीने घोटून घेतले, तसे शिकवणारे आपल्याकडे थोडेच. एक्सेलचा सरावही नेटका होता.

अडचण पुढे येते. त्यांच्या नोंदवहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात जवळजवळ प्रत्येक जागेसमोर 'बॅक ऑफिस' (म्हणजे कार्यालयात बसून करायचे कागदोपत्री काम) एवढेच लिहिलेले असते. त्या भरवशावर भाची नवी मुंबईला मुलाखतीस गेली, तेव्हा ते काम अनोळखी लोकांना फोन करून कर्ज विकण्याचे, महिन्याच्या टार्गेटचे आणि फिरत्या पाळीचे निघाले. ग्राहकाचा आलेला फोन घेणे आणि आपण होऊन फोन लावून विक्री करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मुलाखतीच्या टेबलावर नव्हे, गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी कळायला हवा. पगाराचेही तेच. सांगितला जातो तो सीटीसीचा, म्हणजे कंपनीला त्या माणसावर येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा, ज्यात मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटाही धरलेला असतो. त्या आकड्यातून हा वाटा, आपल्या वाट्याचा मूळ वेतनाच्या १२ टक्के निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असल्यास वेतनाच्या ०.७५ टक्के आणि वर खोलीभाडे व खाणावळ वजा केली, की घरी पाठवायला काय उरते ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

जवळपासच्या जागा या सेवेकडे फारशा नाहीत. लोटे परशुरामच्या कारखान्यांतील टाइम ऑफिस (हजेरीच्या नोंदी) आणि डिस्पॅच (माल रवाना करणे), पतसंस्थांचे काउंटर, हॉटेलांचे आरक्षण ही कामे आपल्याकडे आहेत, पण ती बहुधा ओळखीनेच भरली जातात आणि किनाऱ्यावरील हॉटेलांत तर पावसाळ्यात माणसे कमीच केली जातात. याचा दोष सेवेला देता येणार नाही. मात्र 'घराजवळ नोकरी' हा फलक तिने उतरवावा. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते, त्याबाबत तर येथे कोणी बोलतही नाही.

केवळ नावनोंदणीसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. राज्य शासनाचे महास्वयम आणि केंद्राचे २०१५ पासूनचे नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही संकेतस्थळांवर ती विनामूल्य होते. मुलाखतीचा सराव हवा असेल, तर या सेवेकडे अवश्य जावे. परंतु शुल्क भरण्यापूर्वी कामाचे स्वरूप, पाळी, हातात येणारा पगार आणि नियुक्तीपत्र कंपनीचे मिळणार की ठेकेदाराचे, हे लेखी मागावे. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'शुल्क परत मिळणार नाही' असे छापलेले आहे आणि ते कोणी वाचून दाखवत नाही.