स्वस्त मॅच पेलेट, काही महिन्यांनंतर: पहिला डबा सोनं, दुसरा डबा डोकेदुखी

दुसरा डबा उघडला नसता, तर हा अनुभव निव्वळ कौतुकाचा झाला असता. १० मीटर एअर रायफलच्या सरावासाठी घेतलेले हे ४.५ मिमीचे चपट्या डोक्याचे, ०.५३ ग्रॅमचे पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, पहिल्या डब्यात इतके नेटके निघाले, की महागड्या पेलेटवर खर्च करायचाच कशाला, असं वाटू लागलं. रायफल आधारावर टेकवून पाच शॉट मारले की कार्डावर एकच छिद्र, कड जराशी फाटलेली. मी खर्चाला जपणारा माणूस आहे. सरावात पेलेट पाण्यासारखे जातात, त्यामुळे हा आनंद मोठा होता.

मग दुसरा डबा आला. तेच झाकण, तेच लेबल. रायफल तीच, प्रेशर तेच, आणि ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर चार मिलिमीटरपर्यंत पसरलेला.

चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकला की दहा संपले, आणि दर पाव मिलिमीटरला दशांश गुण जातो. म्हणजे नेम अगदी मध्यावर धरून, ट्रिगर स्वच्छ सोडूनही ग्रुपच्या कडेचा शॉट १०.२ च्या आसपास बसणार. साठ शॉटच्या मॅचमध्ये हा तोटा मुकाट्याने साचत जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे नेमबाज स्वतःच्या होल्डमध्ये, म्हणजे रायफल स्थिर धरण्यात, खोट शोधत बसतो.

पहिला संशय वजनावर होता. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पेलेट तोलून गट पाडले. फरक सापडला, पण ग्रुप फारसा आवळला नाही. ढोबळ हिशेब केल्यावर कारणही कळलं. ताशी नव्हे, सेकंदाला १७० मीटर वेगाने पेलेटला १० मीटर कापायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण १७ मिमी खाली येतो. वजनात ०.०१ ग्रॅमचा फरक पडला तर वेग एक टक्क्याच्या आसपास बदलतो, आणि कार्डावर उंचीत फरक पडतो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा. चार मिलिमीटरचा पसारा त्यातून येत नाही. तेव्हा वजन करून पेलेट निवडण्यात संध्याकाळ घालवू नका, हे माझं आताचं ठाम मत.

भिंगाखाली पाहिल्यावर काही स्कर्ट, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाच्या पातळ कडा, दबलेले दिसले. डब्यात फोमची चकती नव्हती, पेलेट एकमेकांवर आपटत आले होते. स्कर्ट वाकडा असला की नळीच्या तोंडाशी हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला ढकलते. असे पेलेट वेगळे काढल्यावर भरकटणारे शॉट कमी झाले, पण उरलेल्यांचा ग्रुप पहिल्या डब्याइतका घट्ट झाला नाहीच. राहिलं डोकं. मॅच पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५० असा डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, कारण एकेक नळी एकेका व्यासावर खूश असते. शिवाय कोणत्या लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या कोणत्या खेपेचा माल, तेही कळतं. इथे व्यास नाही, लॉट नाही, साच्याचा क्रमांक नाही. काहीच नाही!

माझी खरी तक्रार हीच आहे आणि ती मी सोडणार नाही. स्वस्त पेलेट वाईट असतात असं मी म्हणत नाही. माझा पहिला डबा त्याला साक्षी आहे. पण झाकणावर एक क्रमांक छापायला किती खर्च येतो? तो नसेल तर चांगला लागलेला डबा पुन्हा मागायचा कसा? विक्रेत्याला विचारलं, तर ‘माल तोच आहे’ एवढंच उत्तर. माल तोच नाही, कार्ड समोर आहे.

चाचणी घ्यायची असेल तर पेलेट बदलल्यावर सुरुवातीचे काही शॉट मोजू नका, नळी नव्या शिशाला बसायला वेळ घेते. प्रत्येक ग्रुपला कोरं कार्ड लावा. डब्यात राखाडी भुकटी होती. ते शिसं आहे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

हे पेलेट मी अजूनही वापरतो, पण फक्त उभं राहण्याच्या आणि ट्रिगरच्या सरावाला, गुण न लिहिता. गुण लिहायचे त्या दिवशी लॉट तपासलेले आरडब्ल्यूएस कंपनीचे आर-१० मॅच पेलेट. स्वस्त डबे आता एकगठ्ठा घेत नाही. एक घ्यायचा, त्याच दिवशी आधारावरून मारून पाहायचा, चांगला निघाला तर त्याच दुकानातल्या त्याच खोक्यातले उरलेले लगेच उचलायचे. लॉट एकच असण्याची तेवढीच काय ती शक्यता.