पीएचडी थिसिसचं कलर प्रिंटिंग आणि बाइंडिंग, अप्पा बळवंत चौक

माझी पीएचडी कॉम्प्युटर व्हिजनमधे, द्राक्षाच्या पानांवरचे केवडा, भुरी हे रोग फोटोवरून कॉम्प्युटरने ओळखायचं काम. थिसिस २१० पानांचा, त्यातली ४६ कलर आणि सगळा जीव त्या ४६ पानांत. आमच्याकडे प्लांटव्हिलेज नावाचा डेटासेट खूप वापरतात, ५४,३०६ फोटो, पण सगळी तोडून साध्या बॅकग्राउंडवर ठेवलेली पानं. २०१६ च्या एका पेपरमधे त्यावर शिकवलेल्या मॉडेलांना, म्हणजे रोग ओळखणाऱ्या प्रोग्रॅमना, ९९.३५ टक्के अ‍ॅक्युरसी आली आणि तीच मॉडेलं दुसरीकडून घेतलेल्या फोटोंवर लावली तर ३१ टक्क्यांच्या आसपास आली!! म्हणून मॉडेल नक्की बघतंय कुठे, डागाकडे की मागच्या मातीकडे, हे ग्रॅड-कॅम नावाच्या पद्धतीने हीटमॅप, म्हणजे फोटोवर रंग चढवलेलं चित्र, काढून दाखवावं लागतं, लाल म्हणजे तिथे लक्ष आहे, निळं म्हणजे नाही.

आधी घराजवळच्या एका दुकानात टाकलं होतं, त्यांनी न विचारता निम्मी कलर पानं ब्लॅक अँड व्हाइट काढली. त्यात लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट दिसतात, म्हणजे चित्राचा अर्थच गेला. सबमिशनला चार दिवस, अक्षरशः रडू आलं.

मग मैत्रिणीने ह्या काकांकडे पाठवलं. वर्ड फाइल नको पीडीएफच द्या म्हणाले, पानं चाळली आणि विचारलं, "मॅडम, रंग नुसता दिसायला आहे की त्यात काही वाचायचंय?" इतकं बरं वाटलं मला. एक पान प्रूफ काढलं तर स्क्रीनवरचा निळा कागदावर जांभळट येत होता, सेटिंग बदलून तीनदा काढलं आणि पैसे एकाच पानाचे घेतले. कागद जाड, मागचं पान दिसत नाही, रेक्झिनवर सोनेरी अक्षरं सरळ, आणि डावीकडे दीड इंच मार्जिन आहे ना हे त्यांनीच तपासलं. सहा कॉपींचे साडेसहा हजार झाले, स्वस्त नाही पण योग्य आहेत. दोन दिवस लागतात, घाई केली तर ते सरळ नाही म्हणतात. गाडी नेऊ नका, मेट्रोने कसबा पेठला उतरून चालत जा.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी ११८ नंबरचं पान उघडलं, एका हीटमॅपवर बोट ठेवलं आणि वीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं. आता माझी ज्युनिअर जातेय, तिला म्हटलंय कलर पानांचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून ने, काका तेच पहिलं मागतात.