अध्यक्ष की पंतप्रधान: लगाम कुणाच्या हातात?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात यंदा वादविवादाचा विषय आहे: 'अध्यक्षीय पद्धत बरी की संसदीय?' भाची विचारते, "मामा, कुठली बाजू घेऊ?"

आधी १९९९ साल बघ. १२ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सेनेटनं क्लिंटन यांना महाभियोगातून सोडलं. हटवायला १०० पैकी ६७ मतं हवी होती. एका आरोपावर ५० पडली, दुसऱ्यावर ४५. दोन महिन्यांनी, १७ एप्रिलला, आपल्या ग्वाल्हेरचे अटलजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पायउतार झाले. ना आरोप, ना खटला. सभागृहाचा विश्वास गेला, सरकार गेलं. अमेरिकेत महाभियोगानं आजवर एकही अध्यक्ष हटलेला नाही. १८६८ मध्ये जॉन्सन एका मतानं वाचले.

म्हणजे संसदीय बाजू पक्की? थांब. अटलजींचं सरकार आघाडीचं होतं आणि पाठिंबा काढला तो मित्रपक्षानं. एकाच पक्षाचं बहुमत असतं तर? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. उलट २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात त्यांच्याच पक्षाच्या सात सेनेटरांनी त्यांना दोषी ठरवणारं मत दिलं. तिकडे त्यासाठी पद जात नाही. मात्र ५७ मतं पडूनही १० कमीच. तिकडे मत मोकळं पण उंबरठा उंच. इकडे उंबरठा बुटका, पण मत पक्षाकडे गहाण.

(सरकारं पडण्याचं आपल्या गावाला अप्रूप नाही म्हणा. १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पाठबळावर मध्य प्रदेशातले ३६ आमदार फुटले. २०२० मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आड आला, तर २२ जणांनी राजीनामेच दिले.)

आणीबाणीच्या मुद्द्यावर मात्र आपण ठेच लागून शिकलो. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' हे कारण घातलं आणि महिन्याभरात संसदेच्या विशेष बहुमताची अट टाकली. अमेरिकेत उलटं: आणीबाणी जाहीर करायला अध्यक्षाची सही पुरते, उठवायला संसदेनं झगडायचं. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठीच्या आणीबाणीविरुद्ध दोन्ही सभागृहांनी ठराव केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, आणि तो मोडायला लागणारी दोनतृतीयांश मतं जमली नाहीत.

अध्यक्षीय बाजू घेतलीस, तर न्यायालयावर भर दे. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. आपल्याकडे आणीबाणीतल्या १९७६ च्या जबलपूर खटल्यात बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागायचा हक्कही उरला नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं.

मी असतो तर संसदीय बाजू घेतली असती, पण व्हिपचा विषय समोरच्यानं काढायच्या आत स्वतःच काढला असता. १९९० मध्ये निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीनं सुचवल्याप्रमाणे तो विश्वास-अविश्वासाच्या ठरावांपुरताच ठेवला, तर आणीबाणीवर मत देताना तरी खासदार मोकळा राहील. मग कुणी विचारेल, "आणि अविश्वास ठरावाचं काय?" त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. तेवढ्यात घंटा वाजली तर बरं.