दांडिया बाजारातलं घाण्याचं खोबरेल: कुणाला मानवेल?

बडोद्यात दांडिया बाजारात घाण्यावर मिळणारं हे खोबरेल निवळ आहे, वासही खमंग. थंडीत थिजतं, ती भेसळ नव्हे. 24 अंशांखाली थिजणारच. पण सगळ्या केसांना ते सारखं लागू पडत नाही.

धुतलेल्या, वाळलेल्या केसांवर पाणी फवारा. थेंब वरच राहिले तर केसांची छिद्रता, म्हणजे पाणी-तेल आत घेण्याची क्षमता, कमी; पटकन जिरले तर जास्त. पेल्यात केस तरंगवून बघायची टूम सोडा. केसाला तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो.

रंगवलेले किंवा स्ट्रेटनिंग केलेले केस बहुधा जास्त छिद्रतेचे. त्यांच्यासाठी पैसे वसूल: खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, धुताना प्रथिनं कमी जातात. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे, मध्यापासून टोकांपर्यंत, न्हाण्याआधी तासभर. कमी छिद्रतेच्या केसांवर तेवढंच तेल नुसतं चोपडल्यासारखं दिसतं. तिथे अर्धा चमचा कोमट तेल, वर गरम पाण्यात पिळलेला पंचा, दहा मिनिटं. बास.

घरी बोअरचं जड पाणी असेल तर राठपणाचं खापर तेलावर फोडू नका. आधी क्षार काढणारा शाम्पू, महिन्यातून एकदा. आणि कोंडा असेल तर हे तेल टाळूला नकोच, कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.